रॉइस हुब्काचा मोठेपणा

रॉइस हुब्का बारा वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याला ओळखते. बाराव्या वर्षीच तो पुरता तयार झाला होता. त्यानंतर फक्त उंची वाढली.

तेव्हा आमच्या लिन्डेन फेरी गावात पोरांचे बेसबॉलचे सामने लुथरन चर्चच्या मागच्या मैदानावर व्हायचे आणि रॉइस पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, असायचा, कारण टीम त्याच्या बापाच्या हातात होती. बॉल चांगला टाकायचा, हे मी नाकारत नाही. पण मागे कुणा पोराच्या हातून बॉल सुटला की हा मातीच्या उंचवट्यावर उभा राहून दोन्ही हात कमरेवर ठेवायचा, सावकाश वळायचा आणि त्या पोराकडे बघत राहायचा. बाकांवर बसलेल्या सगळ्या आयांच्या माना तिकडे वळेपर्यंत बघत राहायचा. पिचरनं आपल्या मागच्या माणसाकडे असं बघायचं नसतं. हे कुणी कुणाला शिकवत नाही, घरातूनच येतं. माझा ड्वाइट एकदा त्या नजरेखाली सापडला होता आणि घरी येईपर्यंत गाडीत रडत होता. ड्वाइट आता डेन्व्हरला दातांचा डॉक्टर आहे, सुखात आहे, तेव्हा मी मनात काही ठेवलेलं नाही. अगदीच काही नाही, असं नाही.

अठराव्या वर्षी एका मोठ्या क्लबनं रॉइसला उचललं. गावानं त्याला आगीच्या बंबावर बसवून मिरवलं. नंतर अकरा वर्षं तो सगळ्यात वरच्या लीगमध्ये होता आणि त्या अकरा वर्षांत सात टीमनी त्याला ठेवून पाहिलं. एकदा त्याला दोन कॅचरांच्या बदल्यात दिला, एकदा ‘नाव नंतर कळवू’ अशा माणसाच्या बदल्यात. ते नाव पुढे कुणी कळवलं की नाही, कोण जाणे. जिंकलेले सामने अडुसष्ट, हरलेले एक्क्याण्णव. पण त्या एक्क्याण्णवातल्या कुठल्याही सामन्याबद्दल विचारा, रॉइसकडे उत्तर तयार. एकात तिसऱ्या बेसवरचा माणूस झोपला होता, एकात अंपायर आंधळा होता, एकात वारा उलटा होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण सातच्या सात अंगणं वाकडी निघालेला हा एकच माणूस मी पाहिला.

खालच्या लीगांतही काही वर्षं काढून सदतिसाव्या वर्षी तो परत आला. नदीवरच्या टेकाडावर घर बांधलं, हमरस्त्याच्या कडेला दुसऱ्या कुणाच्या तरी मोटारींच्या दुकानावर स्वतःचं नाव लावलं आणि आमच्या टगबोट्स टीममध्ये भागीदारी घेतली. टगबोट्स म्हणजे लीगच्या शिडीची शेवटची पायरी; त्याखाली जमीनच. भागीदार झाल्यावर दर रविवारी दुपारी बॉलही तोच टाकणार, हे ओघानं आलंच. वेग कधीच गेला होता. गोड बोलून गंडवल्यासारखे हळू, वळणारे बॉल तो बावीस वर्षांच्या पोरांना टाकायचा आणि ती बिचारी घाईघाईनं बॅट फिरवून बॉल आभाळात चढवायची. लोक म्हणायचे, बघा, अजून जादू आहे. मी वर काचेमागे बसून जे झालं ते लिहायची.

कारण टगबोट्सची स्कोअरर मी आहे. आधी माझा नवरा मर्ल होता. तो गेल्यावर त्याची खुर्ची माझ्याकडे आली. त्याआधी एकतीस वर्षं मी जिल्हा कोर्टात बसून लोक जे बोलले ते जसंच्या तसं टाइप केलं होतं. खोटं बोलले तर खोटं, पण ते जसं बोलले तसं. स्कोअररचं काम धावा मोजणं नाही, त्या तर हॉटडॉगवालाही मोजतो. काम एवढंच: फलंदाज बेसवर पोचला, तर तो स्वतःच्या कर्तृत्वानं पोचला की फिल्डरच्या चुकीनं? हिट की एरर? फिल्डरनं साधारण प्रयत्न केला असता तर बॉल हाती आला असता का, एवढंच बघायचं. माझ्या समोर दोन बटणं आहेत आणि बाहेरच्या फळ्यावर दोन दिवे. या दोन दिव्यांपायी मला गावात फारसं कुणी जेवायला बोलवत नाही. रॉइस तर खालून फोनच करायचा. “मिसेस ड्रेस्कर, चष्म्याचा नंबर बदलला का हो?”

उन्हाळ्यात बाहेरगावचे खेळाडू आमच्याकडे घराघरांतून राहतात. त्या वर्षी ड्वाइटच्या खोलीत अनिबाल तेहेदा होता, डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या बानी गावचा, चोवीस वर्षांचा. टीमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळणारा. मोजे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचा, त्यावरून आमची रोज भांडणं. आमच्या दुकानात त्याच्या देशातली ती मोठी केळी मिळत नाहीत, म्हणून हिरवी केळी आणून उकडून कुस्करायचा आणि तळलेल्या सलामीबरोबर मलाही खायला घालायचा. मला ‘दोन्या ओपल’ म्हणायचा. दोन्या म्हणजे त्यांच्याकडे बाईसाहेब. पगार झाला की अर्धा घरी आईला पाठवायचा. चाळीस वर्षं मी हा खेळ बघतेय. बॅटला बॉल लागायच्या आधी निघणारा माणूस मी त्याच्याआधी पाहिला नव्हता. त्याचा इथे राहायचा परवाना टीमशी बांधलेला होता. टीमनं काढलं की बॅग भरायची आणि घरी जायचं. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि भागीदार म्हणून रॉइसलाही माहीत होतं.

तर जुलैतला तो रविवार. ‘रॉइस हुब्का दिन’ होता. पहिल्या हजार माणसांना डोकं हलणारी रॉइसची बाहुली फुकट. बाहुलीची हनुवटी खऱ्यापेक्षा बरी होती. समोरची टीम नदीपलीकडून सकाळीच बसमधून आली होती आणि अर्धी झोपेत होती. पहिल्या डावात हिट नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही. सहावा डाव संपला तेव्हा माझ्या शेजारी बसणारा रेडिओवाला चेट कुजबुजायला लागला. नऊच्या नऊ डावांत समोरच्याला एकही हिट न देणं ही पिचरच्या जन्मातली सर्वांत मोठी गोष्ट असते. चुका कितीही चालतात, कारण त्या दुसऱ्यांच्या असतात. अकरा वर्षं आणि सात टीम, आणि रॉइसला हे कधी जमलेलं नव्हतं. तो बाकाच्या टोकाला एकटा, खांद्यावर टॉवेल टाकून बसायचा आणि कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. असं चाललेलं असताना बोलत नाहीत.

एक गोष्ट मात्र कुणी मोजत नव्हतं. दुसऱ्या डावात, पाचव्यात आणि पुन्हा सातव्यात बॉल हिटच होता, आणि तिन्ही वेळा अनिबालनं तो गवतावरून उपटून काढला. तिन्ही वेळा टाळ्या रॉइसला पडल्या. रॉइसनंही टोपी काढून त्या घेतल्या.

नववा डाव. दोन बाद. एकच उरला होता. त्या पोरानं रॉइसचा हळू बॉल कडाडून मारला, जमिनीलगत, शॉर्टस्टॉपच्या पार उजवीकडे. तिथे कुणी नव्हतंच. अनिबाल निघाला, पाच-सहा पावलं पळाला आणि आडवा झेपावला. बॉल त्याच्या ग्लोव्हच्या टोकाला लागला आणि बाजूला घरंगळला. तोवर फलंदाज पहिल्या बेसच्या पुढे गेला होता. अनिबालनं तो पकडला असता तरी आडवा पडलेला माणूस फेकणार कसा आणि कुणाला?

मग दोन हजार माना वर माझ्या काचेकडे वळल्या. चेटनं माइकवर हात ठेवला.

“ओपल,” तो म्हणाला, “हाताला लागला बरं का.”

“ग्लोव्हला लागला.”

“तेच ते.”

“ते तेच नाही,” मी म्हटलं आणि हिटचं बटण दाबलं.

जो आवाज झाला तो मी सांगत नाही. एक बाहुली काचेवर येऊन आदळली, डोकं हलवत खाली गेली. आणि रॉइस? रॉइसनं दोन्ही हात कमरेवर ठेवले, सावकाश वळला आणि अनिबालकडे बघत राहिला. अनिबाल अजून जमिनीवरच होता, कोपर सोललेलं, तोंडात माती. पुढच्या फलंदाजानं पहिलाच बॉल आभाळात चढवला, झेल पकडला गेला, टगबोट्स चार-शून्य जिंकले. एकोणचाळिसाव्या वर्षी एका हिटवर सामना काढणं ही काही लहान गोष्ट नाही. दुसरा कुणी असता तर मागच्यांना बिअर पाजली असती.

स्कोअररला आपला निर्णय चोवीस तासांत बदलता येतो. म्हणजे सोमवारी दुपारी चारपर्यंत. हे गावात सगळ्यांना माहीत असतं. आपल्या लग्नाची तारीख विसरतील, हे विसरणार नाहीत.

सोमवारी सकाळी मी केस सेट करायला लव्हॉनकडे गेले. पन्नास वर्षांची मैत्रीण. तिनं माझं डोकं बेसिनमध्ये घातलं आणि पाणी सोडायच्या आधी बोलायला सुरुवात केली, म्हणजे मला उठता येऊ नये.

“अगं ओपल, तुला एक बटण दाबायला काय धाड भरली होती?”

“दाबलं की.”

“दुसरं गं! माझा हॅरल्ड रडला काल. हॅरल्ड! आई गेली तेव्हा नाही रडला तो.”

“मग बरं झालं, मोकळा झाला.”

“तू थट्टा कर. चेट सकाळी रेडिओवर काय म्हणाला ऐकलंस? म्हणे, जी बाई स्कोअर लिहिते तिच्याच टेबलावर शॉर्टस्टॉप जेवतो.”

“जेवतो. भांडी पण घासतो. हॅरल्ड घासतो का?”

“लोक म्हणतात तू आपल्या माणसाला वाचवलंस. आणि रॉइस कोण मग? तो आपला नाही? आपल्या मातीतला पोरगा आहे तो.”

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! मी पाणी सोड म्हणाले. तिनं गार सोडलं.

दुपारी बाराला रॉइस स्वतः आला. हातात कोलाचेंचा खोका, गोड पावासारख्या, खसखस भरलेल्या, त्याच्या बायकोनं पाठवलेल्या. त्याची ही दुसरी बायको चांगली आहे, तिचं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. स्वयंपाकघरात खुर्ची ओढून मर्लच्या जागेवर बसला.

“मिसेस ड्रेस्कर, मी माझ्यासाठी आलेलो नाही हं.”

“मग कुणासाठी?”

“गावासाठी. या गावाला काय मिळालंय सांगा? पूर, आणि कारखाना बंद. एक गोष्ट मिळत होती. पोरांना सांगायला काहीतरी.”

“चार-शून्य जिंकलात. ते सांग.”

तो हसला. कॅमेऱ्यासमोर हसायची सवय लागलेली माणसं एकट्या बाईसमोरही तेच हसतात. “बॉल त्याच्या ग्लोव्हला लागला होता. हे तरी मान्य?”

“लागला, कारण तो तिथवर गेला. तुझ्या टीममधला दुसरा कुणी गेला असता?”

“कुणीच नाही! तेच म्हणतोय मी. गेला ना तो? मग गेल्यावर पकडायला नको?”

“आणि गेलाच नसता तर?”

“गेलाच नसता तर हिट. ते काय, कुणीही सांगेल.”

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता याला स्वतःचं बोलणं ऐकू येईल. नाही आलं. त्यानं खोका उघडून त्यातलीच एक कोलाचे खाल्ली.

“म्हणजे रॉइस, जो जास्त पळाला त्याची चूक, आणि जो जागेवर उभा राहिला तो निर्दोष?”

“मी नियम केलेले नाहीत, मिसेस ड्रेस्कर.” बोटं चाटून तो उठला. “हां, एक राहिलं. बुधवारी आम्ही टीमची यादी करतोय. आतल्या फिल्डरांतला एक जास्त होतोय. अनिबाल मला आवडतो, खरंच. पण पोरगा आपल्या चुकीची जबाबदारी घेत नाही म्हटल्यावर बाकीचे काय शिकणार? मी धमकी देत नाहीये हं.”

“छे. तू कोलाचे देतोयस.”

तो गेल्यावर मी ती खुर्ची पुसली. मला इतका राग आला होता की खोक्यासकट सगळं कचऱ्यात टाकलं, आणि खसखशीच्या कोलाचे माझा जीव की प्राण आहेत.

दोन वाजता अनिबाल सरावावरून आला. बूट दाराबाहेर काढले, जे तो कधी काढत नाही, तेव्हाच मला कळलं की त्याला काहीतरी मागायचंय.

“दोन्या, माझ्या नावावर लिहा.”

“काय लिहू?”

“ती एरर.”

“एरर नव्हती ती.”

“मला माहितेय नव्हती. तुम्हाला माहितेय नव्हती. झालं की, दोघं पुरे.”

“तुला रॉइसनं सांगितलं?”

“सगळ्यांनी सांगितलं. दुकानातल्या बाईनं मला पिशवी दिली नाही आज. केळी हातात घेऊन आलो.” त्यानं खरंच टेबलावर केळी ठेवली होती. “मला सप्टेंबरपर्यंत खेळायचंय. एका एररनं मी मरतो का?”

“मूर्खासारखं बोलू नकोस! तीनदा त्या माणसाला तू वाचवलंस, आणि वर तूच...”

“दोन्या.” तो पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलला. “तुमचा नियम तुमच्या पुस्तकात. माझी आई त्या पुस्तकात राहत नाही.”

मी सिंककडे वळले. भांडी होती ती पुन्हा घासली. चारला दहा कमी असताना मी लीगच्या ऑफिसला फोन लावला आणि सांगितलं की काल उन्हामुळे मला नीट दिसलं नव्हतं, रात्रभर विचार केला, तो एरर धरावा. काल ढगाळ होतं. एकतीस वर्षं कोर्टात बसून मी शेकडो माणसांना शपथेवर खोटं बोलताना ऐकलं आणि मनातल्या मनात प्रत्येकाची लायकी काढली होती. किती सोपं असतं ते, हे मला फोन ठेवल्यावर कळलं. मला माझी किळस आली, ती अजून गेलेली नाही.

गाव सुधारलं. मंगळवारी लव्हॉननं गरम पाण्यानं केस पुन्हा धुऊन दिले. बुधवारी यादी लागली, त्यात अनिबाल होता. दुकानातल्या बाईनं पिशवी दिली. मी स्वतःला समजावलं, चला, कागदावरची एक खूण आहे, पोरगा राहिला ना, बास.

मग पुढचा रविवार आला. मैदानाच्या फाटकावर रॉइसच्या त्या बिनहिट सामन्याची पितळेची पाटी बसवली होती, आणि सामन्याआधी रॉइसनं माइक हातात घेतला. गावाचे आभार मानले, देवाचे मानले, बापाचे मानले. मला वाटलं संपलं. पण पडलो तरी नाक वर म्हणणारा माणूस जिंकल्यावर तर काय!

“आणि आज मला आणखी एक करायचंय,” तो म्हणाला. आवाज मुद्दाम खाली आणला. “आपल्या एका पोराच्या हातून त्या दिवशी शेवटच्या क्षणी चूक झाली. माझं सगळं जाणार होतं त्या एका चुकीनं. पण चुका माणसाकडूनच होतात. अनिबाल, इकडे ये बाळा. मी तुला सगळ्या गावासमोर माफ करतो.”

माफ करतो! चोराच्या उलट्या बोंबा तरी बऱ्या. चोर निदान कुणाला मिठी मारत नाही. अनिबाल टोपी हातात धरून उंचवट्यापर्यंत चालत गेला. रॉइसनं त्याला कवटाळलं, कॅमेऱ्याकडे तोंड येईल असं थोडं फिरवून कवटाळलं. दोन हजार माणसं उभी राहिली. हॅरल्ड पुन्हा रडला असणार. शेजारी चेट घोगऱ्या आवाजात माइकमध्ये म्हणत होता, “मित्रहो, याला म्हणतात मोठेपणा.” मी बसून राहिले. पण मीच लिहिलं होतं ना ते? माझ्या हस्ताक्षरात होतं. तेव्हा बसून राहण्यात मी काही तीर मारला नाही.

सामना सुरू झाला. पहिले दोन डाव ठीक गेले. तिसऱ्यात समोरच्या एकानं बॉल जमिनीलगत मारला, शॉर्टस्टॉपच्या उजवीकडे, फार लांब नाही. अनिबाल दोन पावलं गेला आणि थांबला. बॉल गवतात गेला. मी हिटचं बटण दाबलं. चौथ्यात तसाच दुसरा. मग डावीकडून एक. अनिबाल प्रत्येक वेळी दोन पावलं जायचा, ग्लोव्ह व्यवस्थित गुडघ्याशी, आणि उभा राहायचा. हिट. हिट. हिट. एकामागून एक माणसं चारही बेस फिरून येत होती. रॉइस हात कमरेवर ठेवून वळला आणि बघत राहिला. पण बघायला काही नव्हतंच. काहीही न सांडलेला, न सुटलेला, नीटनेटका माणूस तिथे उभा होता. पाच धावा झाल्या. सहाव्या धावेला मॅनेजर येऊन रॉइसच्या हातातून बॉल घेऊन गेला.

माझा फोन वाजला.

“ते हिट नव्हते!” रॉइस ओरडत होता. “तुम्ही आंधळ्या आहात का? तो गेलाच नाही!”

“ग्लोव्हला लागला का रे?”

“लागेल कसा? गेलाच नाही म्हणतोय ना मी!”

“मग हिट. ते काय, कुणीही सांगेल.”

“मिसेस ड्रेस्कर, मी तुम्हाला...”

“मी नियम केलेले नाहीत, रॉइस,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. चेट माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, “हेही सांग रेडिओवर.” कबूल करते, कित्येक वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. सामना संपेपर्यंत मी मनात गाणी म्हणत होते.

घरी येताना दुकानात थांबून मी हिरवी केळी घेतली. उकडली, कुस्करली, सलामीही तळली, थोडी करपली. अनिबाल अंघोळ करून खाली आला तेव्हा अजून ऊन होतं. मी त्याच्या ताटात मोठा ढीग वाढला.

“शाब्बास!” मी म्हटलं. “बरी जिरवलीस.”

“कुणाची?”

“कुणाची काय! रॉइसची. सहा धावा. त्याचं तोंड बघितलंस का?”

त्यानं काटा खाली ठेवला. माझी थट्टा चाललीय की काय असं माझ्याकडे पाहिलं.

“मी मुद्दाम नाही केलं, दोन्या.”

“अरे, मला सांगायला काय हरकत आहे? मी कुणाला...”

“नाही हो. खरंच नाही.” तो आपल्या सोललेल्या कोपरावरची खपली चाचपत होता. “बॉल निघालेला दिसला मला. नेहमीसारखाच, आधीच दिसला. जा म्हटलं. पण पाय गेलेच नाहीत. दुसऱ्या वेळेला पण तसंच.”

मी उगीच मीठ पुढे सरकवलं.

“उद्या जातील,” मी म्हटलं. “एखाद्या दिवशी होतं असं.”

“हं.” त्यानं मीठ परत सरकवलं. मग म्हणाला, “ते सगळे हिटच लिहिलेत ना?”

“सगळे हिट.”

“माझ्या नावावर एरर एकही नाही?”

“एकही नाही.”

“मग ठीक,” अनिबाल म्हणाला, आणि खाली मान घालून जेवायला लागला.